खुणेवरची छिन्नी

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास आबा मागच्या पत्र्याच्या शेडमधून घरात आले आणि मोरीत हात धुवायला बसले. आधी रॉकेल, मग लाकडाचा भुसा, मग साबण. साबण दोनदा. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पुस्तक वाचत बसले होते. कॉलेजला सुट्टी होती, म्हणजे मी काम करते त्या लायब्ररीलाही.

"माला, धुतलेला सदरा कुठाय?"

"कपाटात वरच्या खणात. कुठं निघालात?"

थोड्या वेळाने ते बाहेर आले ते पांढरा सदरा, टोपी आणि पायात चपला घालून. घरात चपला घालून चालणारा माणूस नव्हे. फरशीवर काळे ठसे उमटले तर आई असताना ती ओरडायची आणि नंतर मी.

"रंगाकडं जाऊन येऊया," ते म्हणाले. "तूबी चल."

पंचवीस वर्षांत धाकट्या भावाचं हे नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी पुस्तकात खूण घातली आणि ते मिटलं.

"कशाला?"

"असंच."

"आबा, त्या माणसाच्या दारात मी पाय ठेवणार नाही. आणि तुम्ही जाणार असाल तर किल्ली घेऊन जा. परत आल्यावर मी दार उघडणार नाही."

मी आवाज चढवला नव्हता. मी चढवत नाही. वाचनालयात आयुष्य गेल्यावर माणसाला हळू आवाजात बोलूनही इजा करता येते. आबा दोन पावलं दाराकडे गेले आणि थांबले.

"अगं, पण..."

"पण काय?"

"काय न्हाई." त्यांनी चपला काढल्या, दाराशी भिंतीला लावून नीट जोडीने ठेवल्या. "च्या टाक मग."

आम्ही चहा घेतला. त्यांनी चहात टोस्ट बुडवून खाल्ला. शेजारच्या जाधवांची स्कूटर रोज सकाळी बावीस लाथा खाल्ल्याशिवाय सुरू होत नाही, आणि त्या लाथा मोजण्यात आपली सकाळ बरी जाते, असं म्हणाले. मी हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची टाकी भरताना ते नळाशीच खाली बसले. जाधव रिक्षा घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवशी स्कूटरला लाथा कुणी मारल्या नाहीत.

आता ज्या इंजिनावरून हे सगळं झालं त्याबद्दल सांगायला हवं.

आबा आणि रंगराव तात्या हे सख्खे भाऊ. कोल्हापूरच्या उद्यमनगरात 'कळंबेकर बंधू' नावाचं वर्कशॉप माझ्या आजोबांनी काढलं. आबा थोरले, ते इंजिन जुळवायचे. तात्या धाकटे, ते लेथवर सुटे भाग कातायचे. आजोबांनी एक नियम घालून दिला होता. इंजिन बांधून झालं की बांधणाऱ्याने आपली खूण आत मारायची, बाहेर नाही. पुढे ज्याच्या हातून ते उघडलं जाईल त्यालाच ती दिसली पाहिजे. आबांची खूण पंचने मारलेली तीन टिंबं. आणि दुसरा नियम: आपलं काम फसलेलं दिसलं, तर आपल्या खुणेवर आपणच छिन्नी मारायची. दुसऱ्याने मारायची नाही. 'मार' असं सांगायचं तर अजिबात नाही.

चौऱ्याऐंशी साली बेळगावच्या एका डॉक्टरांची बीटल गाडी त्यांच्याकडे आली. भुंग्यासारखी, मागे इंजिन असलेली. रेडिएटर नाही, पाणी नाही, नुसत्या वाऱ्यावर थंड होणारं इंजिन. सुटे भाग मिळायचे नाहीत. तेव्हा क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या फिरत्या दांड्याची, बेअरिंग तात्यांनी स्वतः लेथवर तयार केली आणि आबांनी इंजिन जुळवलं. डॉक्टर गाडी घेऊन गेले आणि तवंदीच्या घाटात इंजिन जाम झालं. पुन्हा फिरलंच नाही. डॉक्टर संतापले, गाडी ट्रकवर घालून घेऊन गेले, पुढे विकूनही टाकली. इंजिन कुणी उघडून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी तात्या म्हणाले, "दादा, बसवताना तुझं काय तरी राह्यलं." आबा म्हणाले, "माझं? बेअरिंग घट्ट केलीस तू." मी एकोणीस वर्षांची होते, डबा घेऊन गेले होते. मी दोन्ही वाक्यं ऐकली. आबांनी आपली हत्याराची पेटी उचलली आणि माझ्यापुढे चालू लागले.

तात्यांनी आबांना बाहेर काढलं, असं आमच्या घरात म्हणत. म्हणत म्हणजे आई म्हणायची. ती गेल्यावर मी म्हणायला लागले. आबा काही म्हणत नसत. ते पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या शेडमध्ये रोजाने इंजिनं जुळवत राहिले आणि वर्कशॉपवर 'कळंबेकर बंधू' ही पाटी तशीच राहिली. कॉलेजला जाताना ती पाटी माझ्या वाटेत यायची. मी वाट बदलली नाही. रोज वाचायची. राग जपायचा तर त्याला रोज पाणी घालावं लागतं.

आबा जाण्याच्या तीन महिने आधी मिरजेच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना ते इंजिन सापडलं. मी बरोबर होते. डायनामोच्या बैठकीखाली नंबर असतो. त्यातले पाच आकडे वाचता येत होते, दोन कुणीतरी ठोकून घालवले होते. आबांनी नंबर पाहिलाच नाही. त्यांनी तिसऱ्या सिलिंडरच्या पात्यांवरून बोट फिरवलं. वारा घेणारी ती पातळ पाती, एकावर एक. त्यांतलं एक पातं कधीकाळी मोडलेलं आणि पितळेचा टाका मारून जोडलेलं.

"हा टाका माझा," ते म्हणाले.

टेम्पोत घालून आणलं. मला वाटलं होतं, म्हातारा आता झपाटल्यासारखा कामाला लागेल. पण ते सावकाश करत होते. डोकी उतरवली, सिलिंडर उतरवले, एकेक नट रॉकेलात धुऊन ठेवला. शेवटी उरली ती क्रँककेस, म्हणजे इंजिनाची मधली पेटी. दोन अर्धे समोरासमोर बसवून बोल्टांनी आवळलेले, आणि त्यांच्या पोटात क्रँक आणि ती बेअरिंग. ती पेटी तेवढी उघडायची राहिली, असं त्यांनी मला सांगितलं होतं. हे त्यांनी सांगितलं ते आदल्या आठवड्यात.

आबांना उचलायच्या वेळी तात्या आले. त्यांनी रस्त्यावरच चपला काढल्या आणि अनवाणी फाटकाशी उभे राहिले. अडुसष्ट वर्षांचे, डोळ्यांवर जाड भिंगं. त्यांना खांदा द्यायचा होता. लोकांनी वाट करून दिली. मी फाटकात जाऊन उभी राहिले.

"माणसं पुरेशी आहेत," मी म्हटलं.

"माला, एकदा तोंड बघू दे."

"पंचवीस वर्षं बघायला मिळत होतं."

कुणीतरी मागून म्हणालं, अहो ताई, असू दे. मी मागे वळून पाहिलं नाही. तात्या बाजूला झाले. स्मशानापर्यंत मागे मागे चालत आले, असं नंतर कळलं. रक्षाविसर्जनाच्या दिवशीही ते पंचगंगेच्या घाटावर, वरच्या पायरीवर उभे होते. मला बरं वाटलं होतं. ते खोटं कशाला लिहू?

मग मी ठरवलं. बाराव्याला उद्यमनगरातली सगळी जुनी माणसं जेवायला येणार होती. जेवणं झाली की सगळ्यांसमोर ती पेटी उघडायची. घट्ट केलेली बेअरिंग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मायक्रोमीटरने मोजायची. आबांना बोलता आलं नाही ते लोखंड बोलेल. मी स्वतः चिठ्ठ्या लिहिल्या. तात्यांनाही एक पाठवली. 'उत्तरकार्यास यावे. आबांनी जुळवलेले डॉक्टरांचे इंजिन त्या दिवशी उघडणार आहोत.' अक्षर माझं चांगलं आहे. त्या दिवशी जरा जास्तच चांगलं आलं.

अकराव्या दिवशी सकाळी इस्माईलचाचा आले. आबांचे दोस्त, त्यांच्या शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडिंग करायचे. माझीच सूचना होती. नट गंजून बसलेले असतील, चारचौघांत पाना घसरला तर तमाशा होईल, आज ढिले करून ठेवू. चाचांना हा बेतच पसंत नव्हता.

"पोरी, मयताच्या जेवणात बेअरिंग मोजायची? लोक काय भात खाताना आकडे बघतील?"

"तुम्ही फक्त ढिले करा, चाचा."

त्यांनी पहिल्या नटाला पाना लावला आणि तो काढून ठेवला. नट बोटाने फिरवला. तो फिरला. दुसरा फिरवला. तोही फिरला.

"चारच नट लावल्यात," ते म्हणाले. "तेबी हातानं. आणि ग्रीस बघ, ताजं. हे उघडलंतं कुणी तरी."

"कुणी उघडणार?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. घरात आबा आणि मी दोघंच राहत होतो, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

चार नट निघाले. चाचांनी रबरी हातोडीने हलकेच ठोकलं आणि वरचा अर्धा दोन्ही हातांनी उचलला. आत सगळं काळंनिळं. क्रँक जिथे बेअरिंगमध्ये फिरते तिथे ती जळून निळी पडली होती. चाचांनी फ्लायव्हीलच्या, म्हणजे टोकाच्या जड चाकाच्या, बाजूची तात्यांची बेअरिंग काढली. ती अखंड कडं असते. पुसली. बाहेरचं माप घेतलं, आतलं जिथे शाबूत होतं तिथलं घेतलं, पेटीतली बैठक मोजली. पुन्हा मोजलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि तिसऱ्यांदा मोजलं.

"किती आहे?"

"बरोबर हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे बरोबर हाय. रंगरावनं एक धागा इकडं तिकडं केलेला न्हाई."

मग त्यांनी मला बोलावलं आणि पेटीतल्या बैठकीत एक छोटं भोक दाखवलं. चण्याएवढं. ते रिकामं होतं.

"इथं पिन असते," ते म्हणाले. "एवढीशी पोलादी खुंटी. ती ह्या भोकात बसवायची आणि तिच्यावर बेअरिंगचं भोक. म्हणजे बेअरिंग जागची हलत न्हाई. पिन नसली तरी जुळवताना कळत न्हाई. क्रँक बोटानं फिरते, लई छान फिरते. गाडी चालतीबी. मग पंचवीस-पन्नास मैलांवर बेअरिंग हळूच फिरते, तेलाचं भोक झाकलं जातं आणि..." त्यांनी निळ्या पडलेल्या क्रँककडे बोट केलं.

"पिन पडून हरवली असेल. आत्ता उघडताना."

"पडली असती तर बेअरिंगच्या भोकात तिचा वण असता. बघ, कोरं हाय. इथं पिन कधी नव्हतीच."

इंजिन जुळवणारा जी सगळ्यांत आधी बसवतो ती वस्तू. आबा दुसऱ्या पोरांना शिकवत तेव्हा मी ऐकलं होतं: आधी पिना मोज, मग पुढं हात लाव.

मी जे बोलले ते लिहिते. मी म्हटलं, "चाचा, आपण आता एक पिन बसवली तर?"

मी पुढे बोलत राहिले, हळू आवाजात. पिन बसवू, बेअरिंगच्या भोकात जरा घासू, म्हणजे वण दिसेल. माप कोण घेणार, तुम्हीच घेणार ना? तुम्ही 'घट्ट आहे' म्हणालात की झालं. आबा गेलेत, आता त्यांच्या नावाला तरी...

"पोरी," चाचा म्हणाले, "पिन बसवशील. हे कसं पुसशील?"

त्यांनी पेटीचा दुसरा अर्धा उजेडाकडे वळवला. आतल्या कडेला तीन टिंबं होती, जुनी, तेलाने काळवंडलेली. आणि त्या तीन टिंबांवरून आरपार छिन्नीची एक रेघ. ती काळी नव्हती. नव्या वस्तऱ्यासारखी चकचकत होती. मी तिच्यावर बोट ठेवलं तर कडा अजून बोटाला लागत होती.

मला आधी राग आला तो आबांचा. इतका राग मला तात्यांचाही कधी आला नव्हता. पंचवीस वर्षं मी ज्याच्यासाठी पाटी वाचत गेले, ज्याच्यासाठी फाटकात उभी राहिले, त्या माणसाने माझ्या पाठीमागे शेडमध्ये एका दुपारी छिन्नीचा एक घाव घालून सगळं संपवलं होतं. आणि मला सांगितलं नव्हतं. मग ते हात धुणं आठवलं. साबण दोनदा. आणि मग मी चाचांना म्हटलं की मला जरा बसू द्या.

चाचांनी अर्धे पुन्हा जोडून ठेवले आणि ताडपत्री ओढली. जाताना म्हणाले, "उद्याचं बघ मग काय करायचं ते. मी कुणाला बोलणार न्हाई. एक मात्र सांगतो. हे इंजिन पुन्हा बांधायचं झालं, तर ही बेअरिंग कोल्हापुरात एकच माणूस करू शकतो."

मी ती बेअरिंग फडक्यात गुंडाळली आणि निघाले. दुपारचे तीन वाजले होते. पाटीखालून आत शिरले तेव्हा लक्षात आलं, डबा घेऊन आले होते त्यानंतर पहिल्यांदाच.

तात्या लेथवर होते. मशीन चालू होतं. मला पाहून त्यांनी हात थांबवला नाही, फक्त मान हलवली, जणू मी रोज येते. मी फडकं सोडून बेअरिंग त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. त्यांनी एका हाताने ती उचलली आणि डोळ्यांजवळ न नेताच अंगठा आतून फिरवला.

"ही माझी हाय."

"माप बरोबर आहे," मी म्हटलं. मशीनच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू आला नाही. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "माप बरोबर आहे, तात्या. पिन नव्हती."

त्यांनी लेथ बंद केला. पट्टा फिरत फिरत थांबला. मग खाली वाकून टेबलाचा खण उघडला. खिळे, टोकं तुटलेली हत्यारं, पावत्या, आणि तळाशी एक फिल्मच्या रोलची डबी. त्यांनी ती माझ्या हातावर उपडी केली. एवढीशी पोलादी खुंटी होती. गंज नाही. कुणीतरी दर वर्षी तेलाचं बोट लावत असल्यासारखी.

"रॉकेलच्या थाळीत घावली. तुम्ही गेल्यावर चार दिसांनी. धुवायला काढली आणि तळाला राह्यली त्याच्याकडनं."

"मग तुम्ही दाखवली का नाही? आईला, लोकांना? लोक तुम्हाला काय काय म्हणत होते. मी काय काय म्हणत होते."

"थोरल्याला काय दाखवायचं?" तात्या म्हणाले. "बाबांचा नियम ठाऊक हाय न्हवं? छिन्नी ज्याची त्यानं मारायची. मी म्हटलं, इंजिन हातात घावलं की बघील, बघितलं की ईल. त्याला दुसऱ्यानं सांगितलेलं चालत न्हवतं, पण आपली चूक झाकणारा न्हवता तो." त्यांनी चष्मा वर सरकवला. "उद्या तू उघडणार हाईस न्हवं? उघडू नको. लोकांना सांग, नट बसल्यात, निघत न्हाईत. मी काय बोलत न्हाई. गेलेल्या माणसाचं कशाला?"

मी मान हलवली.

"च्या घेतीस?"

ते चहा सांगायला दाराकडे वळले. मला तिथून निघून येता आलं असतं. जे सांगायला आले होते ते सांगून झालं होतं. चूक आबांची होती, हे त्यांना माझ्या आधी पंचवीस वर्षं माहीत होतं. उद्याचा प्रश्नही त्यांनीच सोडवला होता. मी नवी बेअरिंग करायला सांगायची, चहा प्यायचा आणि परत यायचं. कुणालाही काही कळलं नसतं.

दाराशी थांबून, माझ्याकडे पाठ असतानाच तात्या म्हणाले, "मला आपलं वाटायचं, एकदा तरी ईल. इंजिन मिरजेहून आणलं हे कळलंवतं मला. म्हटलं आता येतोय. रोज दाराकडं बघत हुतो. न्हाई आला. हट्टीच मेला."

"तात्या."

ते वळले. मशीन बंद होतं. शेजारच्या शेडमधलंही कुणीतरी थांबवलं होतं. पिन माझ्या मुठीत होती.

"आबा येणार होते. गेले त्याच्या आदल्या दिवशी, चार वाजता. हात धुतले होते, सदरा घातला होता, टोपी घातली होती, चपला पायात होत्या. मला म्हणाले, रंगाकडं जाऊन येऊया, तूबी चल. मी म्हटलं, गेलात तर दार उघडणार नाही. मग त्यांनी चपला काढल्या. ते हट्टी नव्हते, तात्या. ते निघाले होते. मी त्यांना येऊ दिलं नाही."